क्रूझवरच्या सलूनमध्ये खोपा घालून मिळेल का?

निशिगंध

नमस्कार मंडळी,

यंदा डिसेंबरात सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. "हॉल नको, जेवणावळी नकोत, सगळे मिळून कुठेतरी जाऊ," असं बाबांनीच सांगितलं. म्हणून सिंगापूरहून निघणारी चार रात्रींची क्रूझ ठरवली आहे. पेनांग, फुकेत करून जहाज परत सिंगापूरला येतं. लहानथोर धरून सगळं कुटुंब निघालंय.

जहाजावर एका रात्री सगळ्यांनी नटूनथटून जेवायला जायचं असतं. त्या रात्री आई म्हणजे माझ्या सासूबाई येवल्याची पैठणी नेसणार आहेत. स्वतःसाठी काही मागणं हा त्यांचा स्वभाव नाही, पण या वेळी त्यांनी एकच गोष्ट सांगितली, "खोपा लग्नात होता तसा झाला पाहिजे." त्यामुळे हे नीट पार पडावं असं मला अगदी मनापासून वाटतंय. इथे नाशिकमध्ये असतो तर इंदिरानगरातल्या आमच्या नेहमीच्या ताई घरी येऊन घालून गेल्या असत्या. जहाजावर सलून आहे, पण तिथल्या लोकांना खोपा येत असेल का? वेळ इथूनच घ्यायची की जहाजावर चढल्यावर? पैसे कसे आकारतात? आईंना मानेचा जुना त्रास आहे, मान मागे टाकून केस धुतात ते त्यांना झेपेल का? शिवाय लेक कॉलेजात आहे, तिला जहाजावरच हायलाइट्स करून घ्यायचेत. करू द्यावेत का?

ज्यांनी ही सलून वापरली आहेत त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

सातपूरकर

आधी आई-बाबांना पन्नाशीच्या शुभेच्छा!

खोप्याचं मला सांगता येणार नाही, पण बाकीचं सांगतो. आम्ही उभयता निवृत्तीनंतर क्रूझ करतो आणि मी दाढी-कटिंग, सौ. केस सेट करणं, असं दोघंही तिथलं सलून वापरतो.

वेळ इथूनच घ्या. बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर बुकिंग झाल्यावर सलूनच्या वेळा दिसायला लागतात. नटण्याच्या रात्रीचे दुपारी ४ ते ६ हे तास सगळ्यात आधी भरतात, कारण जहाजावरच्या सगळ्याच बायकांना तेच हवे असतात. ती रात्र नेमकी कोणती हे तिकीट काढलेल्या एजंटकडून आत्ताच विचारून घ्या. ऑनलाइन जमलं नाही तर चढल्या दिवशी सामान केबिनमध्ये येण्याची वाट न बघता सरळ सलूनमध्ये जाऊन वेळ घ्या. त्या दुपारी ते लोक सलून दाखवायलाच उभे असतात.

वेळ रद्द करायची तर बहुतेक जहाजांवर २४ तास आधी सांगावं लागतं, नाहीतर पैसे कापतात. आणि एक महत्त्वाचं. सिंगापूर आणि पेनांगचं घड्याळ एक, फुकेतचं एक तास मागे. जहाज स्वतःच्या वेळेवर चालतं, मोबाइल मात्र टॉवर मिळाला की आपोआप बदलतो. सलूनची वेळ जहाजाच्या घड्याळाची असते. आई-बाबांच्या मनगटावर साधं घड्याळ असू द्या आणि ते जहाजाच्या वेळेला लावून टाका.

पैसे रोख चालत नाहीत. केबिनचं जे कार्ड मिळतं त्यावर नोंद होते आणि शेवटी एकत्र बिल येतं. दर नाशिकच्या मानाने खूपच जास्त. साधा ब्लो-ड्राय केला तरी कॉलेज रोडच्या चांगल्या पार्लरच्या कितीतरी पट होतो. त्यावर १८ ते २० टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप लागतो. खाली परत 'जादा टिप' म्हणून रिकामी ओळ असते, ती मोकळी सोडली तरी चालते. खरं तर मी तो सर्व्हिस चार्जही कमी करून घ्यावा या मताचा आहे. दर आधीच चढे असताना वर आणखी पंचमांश कशाला?

जहाज बंदराला लागतं तेव्हा दुकानं आणि कॅसिनो बंद असतात, पण सलून उघडं असतं. बहुतेक लोक फिरायला उतरलेले असल्यामुळे त्या दिवशी सवलतही देतात. दाढी, कटिंग त्या दिवशी करून घ्यावं. बाबांना गरम टॉवेलची दाढी जरूर करायला सांगा, फार सावकाश आणि छान करतात.

कात्रीकंगवा

निशिगंधताई, मी गेली बरीच वर्षं नाशिकमध्ये पार्लर चालवते. क्रूझला जाऊन आलेल्या माझ्या गिऱ्हाइकांचे केस परत आल्यावर माझ्याच हातात येतात, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. थोडं लांबेल, पण वाचा.

लेकीचे हायलाइट्स जहाजावर नकोत. रंग लावण्याआधी ४८ तास पॅच टेस्ट करावी लागते, कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला. गडद रंगांमध्ये पीपीडी नावाचं रसायन बहुतेक वेळा असतं आणि त्याची अ‍ॅलर्जी निघाली तर चेहरा, डोळे सुजतात. चार रात्रींच्या सफरीत टेस्ट करून ४८ तास थांबायचं म्हटलं तर अर्धी सफर तिथेच गेली. दुसरं म्हणजे हायलाइट्ससाठी केस ब्लीच करतात. ब्लीच केलेले केस स्विमिंग पूलच्या पाण्यात तांबं आणि क्लोरीन असलं की हिरवट पडू शकतात. कित्येक जहाजांच्या पूलमध्ये तर समुद्राचंच पाणी असतं, म्हणजे वर मीठही. तिला निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी इथेच करू द्या. एखादी छटा नाही आवडली तर दुरुस्त करायला वेळ हाताशी राहतो. पूलमध्ये उतरण्याआधी केस साध्या पाण्याने भिजवून कंडिशनर चोळायला सांगा. ओला केस वरून आणखी पाणी फारसं पीत नाही.

आता हवेचं. डिसेंबरात आपल्याकडे हवा कोरडी, थंड. तिकडे बाराही महिने दमट. ब्लो-ड्रायने किंवा इस्त्रीने केसाला जो आकार येतो तो केसातले हायड्रोजन बंध तुटून नव्याने जुळल्यामुळे येतो, आणि हवेतला ओलावा तेच बंध पुन्हा सोडवतो. म्हणून सलूनमधून सरळ केस घेऊन बाहेर डेकवर गेलं की थोड्याच वेळात ते फुगतात. इतके पैसे मोजून सरळ केस करून घेण्यात मला अर्थ दिसत नाही. बांधलेले केस मात्र टिकतात. त्या दृष्टीने आईंनी खोपा मागितला हे अगदी योग्यच आहे.

खोपा तिथे घालून मिळेल का? फोटो दाखवला तर आंबाड्यासारखं काहीतरी नक्की बांधून देतील. पण मानेवर बसणारा, पीळ देऊन वळवलेला आपला खोपा वेगळा, त्याला हात बसलेला लागतो. माझं मत असं की खोपा तुम्हीच शिका. आईंच्याच केसांवर, इथेच, चारदा घालून बघा. सामान म्हणून जाळी, काळ्या पिना, आकडे, बारीक रिबीन आणि केस विरळ झाले असतील तर छोटंसं गंगावन पुरे. मूद किंवा आंबाड्याचं सोन्याचं फूल असेल तर ते हातातल्या बॅगेत ठेवा. कात्री असेल तर ती मात्र चेक-इन सामानात. गजरा कापडी न्या. ताजी फुलं-पानं घेऊन परदेशात उतरण्यावर बऱ्याच देशांत निर्बंध असतात, आणि इथून नेलेला मोगरा त्या रात्रीपर्यंत टिकायचाही नाही.

आणखी एक विचारायचंय. आई केसांना काय लावतात? रंग, मेंदी की काहीच नाही?

निशिगंध

कात्रीकंगवा, किती नीट सांगितलंत! आई काळी मेंदी लावतात, पाकिटातली, किराणा दुकानातून आणतात तीच. बाबा काहीच लावत नाहीत. सातपूरकर काका, फुकेतच्या एका तासाचं आमच्या डोक्यातही आलं नसतं. बाबांना दाढीचं वाचून दाखवलं, खूश झाले आहेत.

कात्रीकंगवा

हेच विचारायचं होतं. शुद्ध मेंदीचा रंग काळा येत नाही. पाकिटातल्या 'काळ्या मेंदी'त बऱ्याचदा तेच पीपीडी असतं, काहींत धातूंचे क्षारही असतात. अशा केसांवर कोणी पेरॉक्साइडचा रंग लावला तर केस तापून तुटू शकतात. म्हणून जहाजावर कुणी प्रेमाने "मॅडम, मुळांना थोडा रंग लावून देऊ" म्हणालं तर आईंनी स्पष्ट नाही म्हणायचं. आणि सलूनमध्ये बसताक्षणीच मेंदी लावते हे सांगायचं. मेंदी निघण्याच्या आठवडाभर आधी, नेहमीचीच, घरीच.

पाण्याबद्दल सांगायचं राहिलं. जहाजावरचं पाणी बहुतेक समुद्राचं पाणी वाफ करून किंवा आर.ओ.ने गोडं केलेलं असतं, त्यामुळे हलकं असतं. तुमच्या सोसायटीत बोअरचं पाणी असेल तर ते जड, त्यात शाम्पू फसफसत नाही म्हणून आपल्याला जास्त घ्यायची सवय. तिथे निम्मा पुरतो. जास्त घेतलात तर केस गुळगुळीत होऊन पिना घसरतील.

लाटांवरती

मी देवळाली कॅम्पची. लग्नाआधी जहाजांवर हेअरड्रेसर म्हणून काम केलंय, म्हणून खुर्चीच्या मागच्या बाजूने लिहिते.

बहुतेक मोठ्या जहाजांवरचं सलून आणि स्पा जहाज कंपनी स्वतः चालवत नाही, बाहेरच्या कंपनीला दिलेलं असतं. तिथे काम करणाऱ्या मुलामुलींच्या कमाईचा मोठा भाग कमिशनवर असतो, सेवेवर आणि विकलेल्या बाटल्यांवर. म्हणून केस कापून झाले की ती मुलगी तुम्हाला तुमच्या केसांची तब्येत सांगते आणि सिरम, मास्क, तेल समोर मांडते. बसण्याआधीच हसून सांगा, "आज फक्त केस बांधून हवेत, विकत काही घ्यायचं नाही." तिचाही वेळ वाचतो आणि तुमच्यावरही दडपण येत नाही. आपल्याकडच्या ज्येष्ठ बायका समोरच्याला नाही म्हणताना फार अवघडतात. मी कित्येक मावश्यांना नको असलेल्या बाटल्या घेऊन जाताना पाहिलंय आणि मला तेव्हाही वाईट वाटायचं. आईंसोबत तुम्ही बसा, त्यांना एकटं पाठवू नका.

आणि याच कारणासाठी सातपूरकर काका, सर्व्हिस चार्ज कमी करून घेण्याचं कृपया कुणाला सुचवू नका. दर कंपनी ठरवते. ती मुलगी घरापासून सहा-नऊ महिने लांब असते, समुद्रातल्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत उभी असते. जादा टिपची ओळ खुशाल मोकळी सोडा, कुणी मनावर घेत नाही. पण जो चार्ज लागलाय तो असू द्या.

खोप्याबद्दल माझं मत कात्रीकंगवा ताईंपेक्षा थोडं वेगळं आहे. जहाजांवर फिलिपिन्स, दक्षिण आफ्रिका, ब्रिटन, भारत अशा सगळीकडच्या मुली असतात, आणि सिंगापूरहून भारतीय प्रवासी इतके जातात की एखादी भारतीय हेअरड्रेसर असण्याची शक्यता चांगली आहे. चढल्या दिवशी सलूनमध्ये जाऊन विचारा. असेल तर तिच्याच नावाने वेळ घ्या. समोरून, बाजूने आणि मागून असे तीन फोटो न्या. नुसता मागचा फोटो बघून उंची कळत नाही. चांगली मुलगी असेल तर ती खूप मन लावून करेल, असं काहीतरी करायला मिळालं की आम्हाला आनंदच व्हायचा.

एक बारकी गोष्ट. सलून बहुतेक जहाजांवर पुढच्या टोकाला, वरच्या मजल्यावर असतं, आणि जहाजाचं डोलणं तिथेच जास्त जाणवतं. बाबांची दाढी वस्तऱ्याने व्हायची असेल तर जहाज बंदरात उभं असतानाची वेळ घ्या. आईंना गाडी लागत असेल तर त्यांनाही तेच. आपल्या कसारा घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी हे लक्षात ठेवावंच.

सातपूरकर

लाटांवरती, कामाच्या तासांचं आणि कमिशनचं मला माहीत नव्हतं. चार्ज राहू द्यायचं तुमचं म्हणणं पटलं. दर मात्र जास्तच आहेत, हे माझं मत कायम.

स्टेथोस्कोप

मानेबद्दल लिहितो, कारण हा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि विचारायला हवा.

बेसिनवर मान मागे वाकवून केस धुताना मानेतल्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांवर ताण येऊ शकतो. १९९३ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात पार्लरमध्ये असे केस धुतल्यानंतर त्रास झालेल्या पाच स्त्रियांची नोंद आली, आणि तेव्हापासून याला 'ब्यूटी पार्लर स्ट्रोक' असं नावच पडलं. हे अगदी क्वचित घडतं, घाबरण्याचं कारण नाही. पण मानेचा जुना स्पाँडिलोसिस (मणक्यांची झीज), रक्तदाब, वय हे सगळं असेल तर धोका घेण्याचं कारणही नाही. आईंनी केस केबिनमध्ये धुऊन जावं. सलूनमध्ये धुवायचेच असतील तर पुढे वाकून, किंवा मानेखाली जाड टॉवेलची घडी ठेवून, थोडाच वेळ. चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोलण्यात अडखळणं यांतलं काही जाणवलं तर ताबडतोब जहाजावरच्या डॉक्टरांकडे. प्रवासी जहाजांवर वैद्यकीय कक्ष असतो, त्याचा मजला चढल्या दिवशीच बघून ठेवा.

खोपा घालताना मान फार वेळ खाली घालून बसवू नका, एवढं मधूनमधून बघा.

निशिगंध

डॉक्टर, खूप आभार. आई धुण्याचं केबिनमध्येच करणार. केबिनमध्ये ड्रायर असतो ना? की इथून न्यावा?

लाटांवरती

बहुतेक जहाजांच्या केबिनमध्ये असतो, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये नाहीतर बाथरूममध्ये. वारा जरा कमी असतो, आईंच्या लांब केसांना वेळ लागेल, म्हणून सकाळीच धुवा. इथून स्ट्रेटनर वगैरे नेणार असाल तर त्यावर ११० ते २४० व्होल्ट लिहिलंय का बघा. जहाजावर सहसा ११० आणि २२० दोन्ही प्रकारचे सॉकेट असतात. फक्त २२० वर चालणारी वस्तू ११० ला लावली तर नीट तापतच नाही. कपड्यांची इस्त्री नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात. सर्ज प्रोटेक्टर असलेली एक्स्टेंशन बोर्डही चालत नाही.

गोदाकाठ

धागा जरा वेगळ्या वाटेला नेते, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. माझी धाकटी बहीण पंचवटीत ब्यूटी कोर्स करतेय आणि तिला जहाजावर काम करायची फार इच्छा आहे. एका एजंटने नोकरी लावून देतो म्हणून मोठी रक्कम मागितली आहे. लाटांवरती ताई, काय करावं?

लाटांवरती

पैसे देऊ नका. आधी हे सांगते, मग बाकीचं.

जहाजावरच्या कामगारांसाठी २००६ चा मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो २०१५ साली मान्य केलाय. त्यानुसार नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेता येत नाहीत. पासपोर्ट, वैद्यकीय प्रमाणपत्र, सीडीसी (जहाजावर काम करणाऱ्यांचं नोंदपुस्तक) यांचा खर्च तेवढा आपला. भारतात अशी भरती करणाऱ्या एजन्सीकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे जहाज वाहतुकीच्या सरकारी खात्याचा, आरपीएसएल नावाचा भरतीचा परवाना लागतो. त्या एजंटला परवाना क्रमांक विचारा आणि डीजी शिपिंगच्या वेबसाइटवरच्या यादीत स्वतः तपासा. क्रमांक द्यायला टाळाटाळ केली तर तिथेच थांबा.

बहिणीला नुसता ब्यूटी कोर्स पुरणार नाही. दोन-तीन वर्षं चांगल्या सलूनमध्ये कापणं, रंग, पुरुषांचं कटिंग, सगळ्या पोताच्या केसांवर हात बसू द्या. इंग्रजी बोलणं पक्कं हवं. शिवाय एसटीसीडब्ल्यू नावाचं, जहाजावर काम करणाऱ्यांसाठीचं सुरक्षेचं प्रशिक्षण लागतं. पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, सगळं शिकवतात. हेअरड्रेसर असलीस तरी धोक्याचा भोंगा झाला की तुला प्रवाशांना लाइफबोटीच्या जागी न्यायचं असतं. हे काम मी फार अभिमानाने केलंय. अमेरिकेच्या बंदरांना जाणारं जहाज असेल तर त्यांचा वेगळा व्हिसाही लागतो.

राहायची खोली लहान, बहुतेक दोघींत एक, खिडकी नसलेली. घरची आठवण येते. पण जग बघायला मिळतं आणि हाताला वळण फार चांगलं लागतं. तिची इच्छा असेल तर अडवू नका, फक्त योग्य दारातून जाऊ द्या. मला मेसेज कर, तिच्याशी बोलेन.

गोदाकाठ

ताई, आजच परवाना क्रमांक विचारते. मेसेज केला आहे.

निशिगंध

सगळ्यांचं वाचून घरात बसून ठरवलं ते लिहिते, कुणाला चुकीचं वाटलं तर सांगा.

लेकीचे हायलाइट्स नोव्हेंबरच्या मध्यावर इथेच. ती आधी हिरमुसली, हिरवट केसांचं वाचल्यावर स्वतःच कबूल झाली. बाबांची दाढी पेनांगला जहाज थांबलेलं असताना. आईंची मेंदी घरी, केस धुणं केबिनमध्ये. खोपा मी शिकणार. चढल्या दिवशी सलूनमध्ये जाऊन भारतीय मुलगी आहे का विचारणार. असेल तर तिच्याकडे वेळ घेणार आणि तिन्ही बाजूंचे फोटो नेणार, नसेल तर मीच घालणार. आईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "तूच घाल, मला तेच आवडेल." त्यामुळे आता मला घाई झाली आहे. कात्रीकंगवा ताई, तुम्ही शिकवाल का? तुमची जी फी असेल ती देईन.

कात्रीकंगवा

फी कसली, आनंदाने शिकवीन. आईंना घेऊन पार्लरला या, मंगळवारी दुपारी गर्दी नसते. केस आदल्या दिवशी धुतलेले असू द्या, त्याच दिवशी धुतलेल्या केसांत आकडे ठरत नाहीत. जहाजावरही तेच, म्हणजे नटण्याच्या रात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी धुवायचं. तेल अगदी थोडं, फक्त तळव्याला लावून वरून फिरवायचं. लग्नातला फोटो असेल तर तो आणा, कृष्णधवल असला तरी चालेल. त्या काळी खोपा किती खाली बसवलाय ते मला त्यात बघायचंय.